पेपर किती सोडवायचे आणि पुस्तक किती वाचायचे?



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी यंदा एखादा मुलगा किंवा मुलगी बारावी सायन्सला असेल. त्यातली काही मुले दातांचे डॉक्टर होण्याची इच्छा धरून नीट परीक्षेला बसणार असतील. आईबापांना पुस्तकातले सगळे कळत नाही, पण पोर रात्री जागते हे दिसते. टेबलावर सोडवलेल्या पेपरांचा ढीग चढतो तोही दिसतो. मग मनात येते, एवढे पेपर सोडवते आहे तर गुण का वाढत नाहीत? की नुसते पुस्तकच वाचत बसावे? आज याच प्रश्नाबद्दल बोलू. माझ्या घरात घडलेली हकिगत सांगतो, म्हणजे मुद्दा नीट ध्यानात येईल.

माझे घर ठाण्याला टेंभी नाक्यावर आहे. नाका कसा, हे ठाणे जिल्ह्यातल्या वाचकांना सांगायला नको. एका अंगाला जांभळी नाक्याचा बाजार, चार पावलांवर तलावपाळी, आणि नवरात्रात तर नाक्यावर पाय ठेवायला जागा नसते. आनंद दिघे यांनी १९७८ साली इथे देवीचा उत्सव सुरू केला. त्या नऊ दिवसांत मुरबाड-शहापूरकडूनही माणसे दर्शनाला येतात. अशा गजबजलेल्या ठिकाणी दोन खोल्यांत २०२४ च्या जूनपासून माझी भाची अभ्यासाला येऊन राहिली. तिचे नाव इथे देत नाही, तिला ते आवडायचे नाही.

ताईचे घर मुरबाड तालुक्यात. भातशेती आणि एक म्हैस, एवढाच संसार. मुलीने लहानपणापासून आपल्या आजीचे हाल पाहिलेले. मिश्री लावून लावून आजीचे दात हलले आणि हिरड्या सुजल्या. दुखले की लवंग दाबायची आणि गप्प बसायचे. तालुक्याला जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते. मुलीने तेव्हाच मनाशी ठरवले की आपण दातांचे डॉक्टर व्हायचे. एम.बी.बी.एस. मिळाले नाही म्हणून दात, असे तिचे नव्हते. पहिल्या वर्षी गुण कमी पडले. घरात बोलणी निघाली की आता स्थळे पाहावीत. भाऊजींनी एक वर्ष मागून घेतले. ताईने पाटल्या बँकेत ठेवल्या आणि शिकवणीचे पैसे भरले. म्हणजे ते एक वर्ष केवढ्या मोलाचे होते, हे आपल्याला कळेल.

आता परीक्षेची थोडी माहिती. दंतवैद्यकाची पदवी बी.डी.एस. ही पाच वर्षांची: चार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष रुग्णालयातले प्रत्यक्ष काम. तिचा प्रवेश डॉक्टरकीच्याच नीट परीक्षेवरून होतो. ही परीक्षा प्रथम २०१३ साली झाली, मग न्यायालयात अडकली, २०१६ साली पुन्हा आली. तिचा पेपर मराठीतूनही मिळतो. मराठी पेपरात प्रश्न इंग्रजीतही छापलेले असतात आणि अर्थाबद्दल वाद पडला तर इंग्रजी मजकूर अखेरचा धरतात. म्हणून मराठीतून शिकणाऱ्या मुलांनी शास्त्रीय शब्द दोन्ही भाषांत ओळखीचे करून ठेवावेत.

४ मे २०२५ रोजी झालेल्या परीक्षेत १८० प्रश्न आणि १८० मिनिटे होती. जीवशास्त्राचे ९०, भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकले तर १ गुण वजा, सोडून दिले तर काही नाही. एकूण गुण ७२०. त्याआधीची चार वर्षे २०० प्रश्नांतून १८० सोडवायचे असत आणि त्यांतली शेवटची तीन वर्षे वेळ २०० मिनिटे असे. ती सवलत बंद झाल्याचे मुलांना जानेवारी २०२५ मध्ये कळले. म्हणून आपले मूल ज्या वर्षी बसणार असेल, त्या वर्षीची माहितीपुस्तिका प्रथम वाचावी. शेजारच्या मुलाने सांगितले, यावर विसंबू नये.

आता हकिगत पुढे. दर रविवारी रात्री भाऊजींचा फोन यायचा. प्रश्न एकच, "किती पडले गं?" भाची सांगायची, ४१०. पुढच्या रविवारी ४५५. मग ४९०. मग ५३०. फोनवर भाऊजींचा आवाज खुलायचा. मलाही बरे वाटायचे. आठवड्याला चार-चार पेपर सोडवत होती पोरगी. पुस्तकाला मात्र हात कमी लागत होता. मी एकदा विचारले, तर म्हणाली, "मामा, पेपर सोडवताना अभ्यास होतोच की."

नवरात्रात ताई आणि भाऊजी देवीच्या दर्शनाला आले. मुरबाडहून एस.टी.ने कल्याण, तिथून लोकलने ठाणे. येताना पिशवीत घरचे तांदूळ. खाली ढोल वाजत होते, म्हणून खिडक्या लावून आम्ही बसलो होतो. भाऊजी सहज तिचे पेपर चाळू लागले. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. पण एक पेपर हातात धरून ते थांबले आणि म्हणाले, "हा तर गणपतीला घरी आणला होतास ना? हा चहाचा डाग माझ्याच कपाचा."

भाचीने मान खाली घातली. मग रडत रडत सगळे सांगितले. नव्या पेपरात गुण पडत नव्हते. दर रविवारी बाबांना काय सांगायचे, या धास्तीने ती जुनेच पेपर पुन्हा सोडवत होती. उत्तरे तोंडपाठ झालेली, म्हणून आकडा वाढत होता. तिने खोटा आकडा एकदाही सांगितला नव्हता. जो पडला तोच सांगितला. पण त्या आकड्यात ज्ञान नव्हते.

भाऊजी बराच वेळ बोलले नाहीत. ताईचा हात नकळत रिकाम्या मनगटावर गेला. मला वाटले, आता ते रागावणार. पण ते म्हणाले, "पोरी, आपण पेरणीआधी भाताचं बी मिठाच्या पाण्यात टाकतो ते कशाला? पोकळ बी वर यावं म्हणून. वर आलेलं काढून टाकतो आणि तेवढं चांगलं बी आणतो. तेच बी दहादा बुडवलं म्हणून ते भरत नाही. यापुढं मला आकडा सांगू नकोस. पोकळ काय निघालं, ते सांग."

शेतकऱ्याला हे समजावून द्यायला नको. दहा लीटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकावे, हलके तरंगते ते काढावे, तळाचे बी धुऊन सावलीत सुकवावे, हे आपण वर्षानुवर्षे करतो. मिठाच्या पाण्याने बी चांगले होत नाही, वाईट बी ओळखू येते. सराव पेपराचेही काम तेवढेच. ओळखून झाल्यावर जे करायचे ते पुस्तकापाशी बसूनच करावे लागते.

दुसऱ्या दिवशी मी तिला कधीही न पाहिलेला पेपर दिला. सोडवायच्या १८० प्रश्नांपैकी तिने १७२ सोडवले. ११२ बरोबर, ६० चूक. म्हणजे ४४८ वजा ६०, हाती ३८८. आकडा लहान होता, पण खरा होता. मग आम्ही एक साधी वही केली आणि त्या ६० चुका एकेक करून तीन रकान्यांत लिहिल्या.

पहिला रकाना: मुळात माहीतच नव्हते. दुसरा: वाचले होते, पण ऐन वेळी आठवले नाही किंवा गोंधळ झाला. तिसरा: येत होते, पण घाईत चुकले, प्रश्नातला "नाही" हा शब्द वाचलाच नाही, बेरीज चुकली, उत्तराचे वर्तुळ भलतेच रंगवले.

मोजले तर पहिल्या रकान्यात ३३, दुसऱ्यात १६ आणि तिसऱ्यात ११. आता बघा, साठातल्या एकोणपन्नास चुकांना औषध पुस्तकात होते. पेपर सोडवून सुधारतील अशा फक्त अकरा. आणि पोरगी आठवड्याला चार पेपर सोडवत होती! रोग एक आणि औषध दुसरे.

म्हणून वाचकहो, पेपर किती आणि पुस्तक किती, याचा एकच एक आकडा कुणी सांगितला तर त्यावर विश्वास ठेवू नका. तो आकडा मुलाच्या चुकांची वही सांगते. पहिले दोन रकाने भरलेले असतील तर पुस्तक जास्त. तिसरा रकाना मोठा असेल तर पेपर जास्त. दर पेपरानंतर वही पाहायची आणि पुढच्या आठवड्याचे वेळापत्रक ठरवायचे.

पण एक सावधगिरी. पुस्तक वाचायचे म्हणजे पुन्हा पुन्हा डोळे फिरवायचे नव्हे. अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रॉडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचून तोच पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून, तो बाजूला ठेवून, आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तर पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण एका आठवड्याने विचारले तेव्हा चित्र उलटले. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना ५६. म्हणजे नुसते वाचून "मला येते" असे वाटते, पण ते टिकत नाही. आठवायला जोर लावला की टिकते.

भाचीने मग असे सुरू केले. एक धडा वाचायचा. पुस्तक मिटायचे. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचे. मग पुस्तक उघडून राहिलेले लाल शाईने भरायचे. त्याच धड्यावरचे चाळीस-पन्नास प्रश्न दुसऱ्या दिवशी सोडवायचे, त्याच दिवशी नव्हे. आणि तो धडा आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा कागदावर आठवायचा.

एक उदाहरण देतो. वनस्पती अन्न कसे तयार करतात, या धड्यात सी-तीन आणि सी-चार अशा दोन तऱ्हा येतात. भात आणि गहू सी-तीन. ज्वारी, मका, ऊस सी-चार. पहिल्या तऱ्हेत हवेतला कर्बवायू पकडल्यावर प्रथम तयार होणाऱ्या स्थिर पदार्थात कर्बाचे तीन अणू असतात, दुसरीत चार. भाचीने हा प्रश्न तीन पेपरांत तीनदा चुकवला होता, आणि तिन्ही वेळा उत्तर पाहून "हो, हो, येते मला" म्हणून पान उलटले होते. वहीत दुसऱ्या रकान्यात तो तीनदा लिहावा लागला, तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली. शेतकऱ्याच्या मुलीला भात आणि ज्वारी यांतला फरक सांगता येऊ नये! त्यानंतर तो प्रश्न पुन्हा चुकला नाही.

आता वर्षाची विभागणी ढोबळपणे सांगतो. जूनपासून डिसेंबरपर्यंत चार वाट्यांपैकी तीन वाटे पुस्तकाला आणि एक वाटा प्रश्नांना द्यावा. पूर्ण तीन तासांचा पेपर पंधरा दिवसांत एक पुरे. जानेवारीपासून निम्मे-निम्मे. बारावीचे विद्यार्थी फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षेत गुंततात, तेव्हा बोर्डाचाच अभ्यास करावा, पण चुकांची वही रोज पंधरा मिनिटे चाळावी. शेवटच्या सहा आठवड्यांत आठवड्याला दोन किंवा तीन पूर्ण पेपर, त्याहून जास्त नको. कारण तीन तासांच्या पेपराच्या चुका नीट तपासायला चार ते पाच तास लागतात. तो वेळ नसेल तर पेपर सोडवूच नये. तपासलेला एक पेपर न तपासलेल्या पाचांहून मोलाचा. आणि शेवटचे दोन-तीन दिवस नवा पेपर नाही, फक्त वही.

२०२५ ची परीक्षा दुपारी दोन ते पाच होती. आपल्याकडे तीच वेळ जेवून जरा आडवे होण्याची. म्हणून शेवटच्या महिन्यात पेपर सोडवायचा तो परीक्षेच्याच वेळेला. हलके जेवून, घड्याळ लावून, मध्ये पाणी प्यायलाही न उठता. आमच्या टेंभी नाक्यावर त्या वेळी खालून रिक्षांचे भोंगे ऐकू येत. मी खिडकी लावू लागलो तर भाची म्हणाली, "असू दे मामा, परीक्षेच्या ठिकाणी तरी शांतता मिळेल याची कुणाला खात्री?"

अंदाजाने उत्तर द्यावे का, हाही प्रश्न मुले विचारतात. हिशेब करू. चार पर्याय आहेत. डोळे मिटून चार प्रश्न ठोकले तर सरासरीने एक लागतो, ४ गुण मिळतात. तीन चुकतात, ३ जातात. हाती १ उरतो, आणि वेळ गेला तो वेगळाच. शिवाय चुकीचे पर्याय भुलवणारे असतात, अर्धवट माहिती असलेला मुलगा नेमका त्यांतच अडकतो. पण दोन पर्याय खात्रीने खोडता आले तर मात्र उत्तर द्यावे, तिथे सरासरीने फायदाच आहे. आपले अंदाज लागतात की फसतात हेही वहीतच कळते. अंदाजाने बरोबर आलेल्या प्रश्नापुढे फुली मारावी. तो बरोबर असला तरी धडा पोकळच समजावा.

मार्चअखेर भाचीने नवा पेपर सोडवला. चुका ३४. पहिल्या रकान्यात ६, दुसऱ्यात १०, तिसऱ्यात १८. आता घाईच्या चुका जास्त होत्या, म्हणून पेपर वाढवले आणि वाचन कमी केले. तिला कुणी सांगावे लागले नाही, वहीनेच सांगितले. दर रविवारी भाऊजींचा फोन यायचाच. पण आता ते विचारायचे, "या आठवड्यात पोकळ काय निघालं?" आणि ती त्यांना सांगायची. आम्लाचे काय, भिंगाचे काय, भाऊजींना कळायचे नाही, पण ते सगळे ऐकून घ्यायचे. बापाला समजेल असे सांगता सांगता तिचेच पक्के होत गेले. भाताचे आणि ज्वारीचे सांगितले तेव्हा मात्र ते म्हणाले, "म्हणून ज्वारी उन्हाला दम धरते होय!"

मे महिन्यात परीक्षा झाली. त्या वर्षीचा भौतिकशास्त्राचा भाग फार कठीण होता, अशी ओरड सगळीकडे झाली. भाचीही बाहेर आली ती गंभीर चेहऱ्याने. म्हणाली, "मामा, फिजिक्समधले बरेच सोडून दिले. पण सोडले ते ओळखून सोडले." प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या फेरीत नाव नाही, दुसऱ्या फेरीत नाही. त्या दिवसांत ताई फोनवर बोलायचीच नाही. तिसऱ्या फेरीत बी.डी.एस.ला नाव लागले. आज ती दंत महाविद्यालयात शिकते आहे. पाटल्या अजून बँकेतच आहेत, पण त्याबद्दल घरात आता कुणी बोलत नाही.

वही केली म्हणजे प्रवेश मिळतोच, असे मी म्हणणार नाही. जागा थोड्या आणि मुले फार. चांगला अभ्यास करूनही एखाद्याचे नाव लागत नाही, तेव्हा त्या मुलाला बोल लावू नये. पण वर्ष चुकीच्या कष्टात जाऊ नये, एवढे आपल्या हाती आहे.

आणि शेवटचे सांगणे आईबापांना. मुलाला रोज "किती पडले?" विचाराल, तर ते आकडा आणून देईल. कसा आणला हे तुम्हाला कळणार नाही आणि त्यालाही हळूहळू कळेनासे होईल. "काय चुकलं आणि त्याचं काय केलंस?" असे विचारा. उत्तर नाही समजले तरी चालेल, शेवटपर्यंत ऐकून घ्या. आपल्या घरात चूक सांगितली तर कुणी रागावत नाही, हे पोराला एकदा कळले की ते चूक लपवत नाही. लपवली नाही की ती सुधारता येते.

आज संध्याकाळी शंभर पानांची एक वही आणा. पट्टीने तीन रकाने आखून द्या. एवढे काम तर आपण करू शकतो ना?